कृष्णेचे पाणी: खात्यावर काय पडते, काय पडत नाही

प्रश्न: पावसाळ्यात राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेचे एवढे पाणी कर्नाटकात जाते. ते त्यांच्या हिश्श्यातून वजा होते का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर: नाही. कृष्णेचे वाटप पाणी सोडण्याचे नाही, वापरण्याचे आहे. राज्यांत कृष्णेचे पाणी वाटून देण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे, २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरले आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. सिंचनानंतर नदीत परतणारे पाणी धरून हे आकडे ५८५, ७३४ आणि ८११ होतात. १ जून ते ३१ मे या जलवर्षात राज्याने किती वापरले एवढेच मोजायचे. पुराचे पाणी वापरात पडल्याशिवाय कोणाच्याच खात्यावर चढत नाही. कावेरीची रीत वेगळी. तिथे कर्नाटक-तमिळनाडू सीमेवरच्या बिलिगुंडलू मोजणी केंद्रावर दरमहा किती पाणी पोचले हे पाहतात. दोन्हींची गल्लत झाली की वर्तमानपत्रातला आकडा भलताच वाचला जातो.

नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने महाराष्ट्राला ६६६ टीएमसी दिले खरे, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशाने तो निवाडा राजपत्रात आलेला नाही. हिशेब बच्छावत लवादाच्या १९७६ च्या निवाड्यावरच चालतो.

प्रश्न: शहराची नळयोजना, साखर कारखाना, कोयनेची वीज, सगळ्यांचे पाणी सारखेच धरतात का? (एक वाचक, कराड)

उत्तर: सारखे नाही. खोऱ्यातल्या सिंचनासाठी वळवलेले किंवा उपसलेले पाणी शंभर टक्के वापर. घरगुती व नगरपालिकेच्या पाण्याचा २० टक्केच भाग, आणि उद्योगाचा फक्त अडीच टक्के. कारखान्याने १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उचलले तर खात्यावर २५ हजार घनमीटर. बाकीचे नदीला परत मिळते, असे यामागचे गृहीतक. म्हणून सांडपाणी शुद्ध न करता सोडणे हा नुसता आरोग्याचा प्रश्न नाही. खालच्याला हिशेबात मिळालेले पाणी प्रत्यक्षात वापरण्याजोगे राहत नाही.

कोयनेचे दोन भाग करा. पश्चिमेला वीज करून वाशिष्ठीत गेलेले पाणी खोऱ्याबाहेर गेले, ते शंभर टक्के वापर. बच्छावत निवाड्यात त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत आलेले पाणी मात्र वापर नव्हे, ते पुढे जिथे उचलले जाईल तिथे मोजले जाते. धरणात नुसते साठवलेलेही वापरात येत नाही, बाष्पीभवनाची तूट तेवढी धरतात. ही तूट लहान नसते. जलाशय ५० चौरस किलोमीटर पसरला असेल आणि बाष्पीभवन पात्रात दिवसाला १० मिलिमीटर उतरत असतील, तर जलाशयात पात्रापेक्षा कमी उडते म्हणून ०.७ या गुणकाने ७ मिलिमीटर, म्हणजे रोज साडेतीन लाख घनमीटर. तीस दिवसांत १०.५ दलघमी, सुमारे ०.३७ टीएमसी.

प्रश्न: आमच्या कालव्यावर फ्ल्यूम (विसर्ग मोजण्यासाठी बांधलेला अरुंद भाग) आहे, मोजपट्टीही आहे. तरी पाटबंधारे शाखा आणि आमची संस्था यांचे आकडे जुळत नाहीत. चूक कुठे शोधावी? (पाणीवापर संस्थेचे पदाधिकारी, वाळवा)

उत्तर: पहिल्यांदा मोजपट्टीचा शून्य पाहा. तो फ्ल्यूमच्या उंबऱ्याच्या, म्हणजे तळातल्या उंचवट्याच्या, पातळीवर हवा. अस्तरीकरणाच्या दुरुस्तीत पट्टी उखडून पुन्हा ठोकतात, शून्य खालीवर होतो आणि मग वर्षानुवर्षे कोणी लेव्हल लावून पाहत नाही.

२ मीटर गळ्याच्या (अरुंद भागाच्या रुंदीच्या) फ्ल्यूमवर ६० सेंटिमीटर खोली दिसली तर विसर्ग १.७१ × २ × ०.६ चा दीड घात, म्हणजे १.५९ घनमीटर प्रतिसेकंद, ५६ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद). खरी खोली ६२ असेल तर विसर्ग ५९ क्युसेक. तीन क्युसेकचा फरक शंभर दिवसांच्या पाळ्यांत २६ दशलक्ष घनफूट होतो. दोन सेंटिमीटरनी एवढे!

दुसरी जागा म्हणजे मोजविहिरीची (पातळी शांतपणे वाचण्यासाठी कालव्याला जोडलेल्या छोट्या विहिरीची) नळी. गाळाने तुंबली की कालव्यात पाणी चढते, विहिरीत जुनीच पातळी राहते. बादलीभर पाणी विहिरीत ओता. पातळी झटकन कालव्याला मिळाली नाही तर नळी साफ करा. तिसरी, खालच्या बाजूचे गवत. त्याने पाणी फुगते, फ्ल्यूममधली उसळी बुडते आणि सूत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त विसर्ग दाखवते. खालची पातळी उंबऱ्यावर वरच्या खोलीच्या ८० टक्क्यांवर गेली तर ते वाचन टाकून द्या.

दिवसातून एकदाच वाचन घेणे हेही कारण असते. रात्री विमोचक (पाणी सोडण्याचे दार) हलला की सरासरी बिघडते. सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन नोंदी घ्या, विमोचक हलल्याची वेळ लिहा. पाळीत एकदा प्रवाहमापकाने पडताळा: काटछेदाचे भाग पाडून प्रत्येकात ०.२ व ०.८ खोलीवर वेग घेऊन सरासरी काढा, उथळ भागात ०.६ वर एकच पुरे. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर फ्ल्यूम आणि पट्टी दोन्ही पुन्हा तपासा.

उपसा योजनेत पंपाचे तास गुणिले पाटीवरचा विसर्ग असा हिशेब करू नका. इम्पेलर (पंपातले फिरते चाक) झिजतो, नदीची पातळी बदलली की उचलउंची बदलते. ऊर्ध्वनलिकेवर, म्हणजे पंपापासून वर पाणी नेणाऱ्या नळीवर, मीटर बसवा. अल्ट्रासॉनिक असेल तर मीटरच्या आधी व्यासाच्या १० पट आणि पुढे ५ पट सरळ नळी सोडा.

प्रश्न: शेतातल्या विहिरीचे पाणी राज्याच्या वापरात धरतात का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर: नाही. बच्छावत निवाड्यात भूजलाचा वापर कृष्णेच्या वापरात मोजलेला नाही. पण नदीतून थेट उपसून विहिरीत टाकलेले पाणी भूजल ठरत नाही.