उद्योग-सल्ला : तारीख देण्याआधी किट मोजा

प्रश्न : नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं बोर्ड असेम्ब्लीचं छोटं युनिट आहे. सोलर पंपाच्या कंट्रोलरचे ६०० बोर्ड तीन आठवड्यांत देतो म्हणून ऑर्डर घेतली. लाइनवर काम जेमतेम तीन दिवसांचं, तरी माल दोन महिने रखडला. कुठे चुकतंय?

उत्तर : तुम्ही लाइनचे दिवस मोजून तारीख दिलीत. ऑर्डरची तारीख मात्र किटमधला, म्हणजे ऑर्डरला लागणाऱ्या सगळ्या पार्टांच्या संचातला, सगळ्यात उशिरा येणारा पार्ट ठरवतो. पीसीबी (पार्ट बसवायचा कोरा बोर्ड) दहा दिवसांत आला, रेझिस्टर दुसऱ्या दिवशी मिळाले, पण मायक्रोकंट्रोलर या मुख्य चिपला सप्लायर १४ आठवडे म्हणत असेल, तर ऑर्डर १४ आठवड्यांचीच. टेस्टिंग-पॅकिंगचे दिवस त्यावर.

कोटेशन देतानाच बीओएमच्या (बोर्डला लागणाऱ्या पार्टांच्या यादीच्या) प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहा : हातात किती, त्यातले आधीच्या ऑर्डरसाठी राखलेले किती, आणि कमी पडणाऱ्या नगांसाठी सप्लायरने लेखी दिलेली तारीख. गफलत बहुतेक वेळा मधल्या आकड्यात होते. रजिस्टरमध्ये आयसी (चिप) ३५० दिसतात, पण २०० दुसऱ्या ग्राहकाच्या नावाचे असतात. मग तुमच्याकडे १५०च. अशा वेळी बाकीचे पार्ट पुरे असतील तर १५० बोर्डांचा पहिला लॉट आणि उरलेल्या ४५० ची वेगळी तारीख ग्राहकाला लेखी कळवा. त्याच्या साइटवर सगळे पंप एकाच दिवशी थोडेच बसतात. बरेच ग्राहक मान्य करतात.

छोट्या पार्टांचा हिशेबही नीट करा. एका बोर्डवर १० किलोओहमचे १४ रेझिस्टर, तर ६०० बोर्डांना ८,४००. ०६०३ साइजच्या रेझिस्टरची टेप-रील साधारण ५,००० नगांची असते, तेव्हा दोन रील घ्याच. मशीनला टेप पुरवणाऱ्या फीडरमध्ये टेपचं सुरुवातीचं टोक वाया जातं, काही नग मशीन टाकून देते. मोजून ८,४०० आणले तर काही रुपयांच्या मालापायी शेवटचे बोर्ड अडतात.

आता सर्वांत महागात पडणारी सवय : ‘एक आयसी यायचाय, तोवर बाकीचं लावून ठेवू.’ हे करू नका. ओलावा धरणाऱ्या आयसींचं सीलबंद पाकीट एकदा फोडलं की घड्याळ सुरू होतं. एमएसएल (ओलाव्याला नाजूकपणाची पातळी) ३ चा पार्ट ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तास उघडा चालतो. जुलै-ऑगस्टच्या नागपुरी हवेत, विनाएसी शेडमध्ये, तेवढे तास धरताच येत नाहीत. ओलावा शिरलेला आयसी रिफ्लोमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवण्याच्या टप्प्यात, तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन थर सुटतात, कधी बाहेरून तडाही दिसतो. तडा न दिसणारा बोर्ड तुमच्या टेस्टिंगमधून पास होऊन शेतात बंद पडतो, हे जास्त वाईट. भट्टीत वाळवायचं म्हटलं तर १२५ अंशांना साध्या टेप-रील टिकत नाहीत. ४० अंशांवर वाळवायला कित्येक दिवस जातात. शिवाय ओएसपी फिनिशचा (तांब्याच्या पॅडवर पातळ सेंद्रिय थर असलेला) पीसीबी एका बाजूने सोल्डर करून पडून राहिला की दुसऱ्या बाजूच्या पॅडला सोल्डर नीट धरत नाही. तेव्हा किट पूर्ण नसेल तर पाकीट फोडू नका, लाइन दुसऱ्या ऑर्डरला द्या.

प्रश्न : कपॅसिटर मिळत नसेल तर त्याच व्हॅल्यूचा दुसरा लावून माल वेळेत काढावा का?

उत्तर : ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय मुळीच नाही. १० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा सिरॅमिक काढून त्याच साइजचा १६ व्होल्टचा लावला, तर १२ व्होल्टच्या लाइनवर त्याची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. सप्लाय अस्थिर होतो आणि दोष तुमच्या सोल्डरिंगवर येतो. पर्यायी पार्ट नंबर ऑर्डर घेतानाच बीओएममध्ये मंजूर करून घ्या. ऐनवेळी ग्राहकाचा डिझायनर सापडत नाही.

प्रश्न : ९० हजारांचा माल पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं का?

उत्तर : महाराष्ट्रात राज्यांतर्गत मर्यादा १ लाख, राज्याबाहेर ५० हजार. मात्र ही किंमत जीएसटी धरून असते. ९० हजारांवर १८ टक्के लागले की १,०६,२०० होतात, म्हणजे पुण्यालाही बिल हवं. छिंदवाडा जवळ असलं तरी परराज्य. तिथे ५० हजारांच्या वर गेलात की बिल लागतंच. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणून पुण्याच्या सुमारे ७०० किलोमीटरना चार दिवस. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर लगेच भरा. मुदत संपत आली तर वाढवून घ्या. संपण्याआधीचे आणि नंतरचे आठ तास त्यासाठी मिळतात.