कार्बनची प्लेट दगड का झेलत नाही?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आम्ही रॅलीच्या बाइकसाठी इंजिनखालची संरक्षक प्लेट बनवतो. कार्बन कापडाचे ८ थर, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे राळ), हाताने लेअप (साच्यात एकावर एक थर बसवणे). एक दगड बसला की तडा. २ थर वाढवले, तरी तेच. काय करावे?

उत्तर : थर वाढवू नका, कापड बदला. कार्बन ताठ खरा, पण साधारण १.५ टक्के ताणला की तुटतो. ई-ग्लास (काचेच्या तंतूंचे कापड) ४ टक्क्यांच्या पुढे जातो, अरामिड (केव्हलार म्हणून मिळणारे पिवळे कापड) ३ टक्क्यांच्या आसपास. दगड खालून बसतो तेव्हा प्लेट वर फुगते. दगडाच्या बाजूला दाब येतो, इंजिनच्या बाजूला ताण. पातळ प्लेटमध्ये तडा सहसा या ताणाच्या बाजूनेच सुरू होतो.

म्हणून बाहेर २ थर ग्लास, मधे ४ कार्बन आणि आत, इंजिनकडे, २ अरामिड. ताठपणा थोडा कमी होईल, तो सोसा. ग्लासने वाढलेले वजन अरामिड काही अंशी भरून काढते. पिवळे कापड दिसायला छान म्हणून बाहेर लावायचा मोह होतो. लावू नका. ते दाबाला कच्चे, घासले की पिंजते, आणि उन्हाने कमजोर होते. थर ०/९० (धागे प्लेटच्या कडांना समांतर) आणि ४५ अंशांत (तिरके) आलटून पालटून ठेवा. एकाच दिशेचे तीन-चार थर एकत्र आले की त्यांच्या आणि शेजारच्या थराच्या सांध्यात थर मोठ्या भागात सुटतात. दोन्ही बाजूंना वेगळे कापड असल्याने गरम क्युअर केल्यास (उष्णता देऊन राळ घट्ट केल्यास) प्लेट वाकडी होऊ शकते. खोलीच्या तापमानालाच क्युअर करा आणि २४ तास साच्यातून काढू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी बिघडतात. अरामिड हवेतला ओलावा धरते. लेअपच्या आधी ते १०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवा आणि लगेच वापरा. दुसरे म्हणजे, दमट हवेत अमाइन हार्डनरमुळे (राळ घट्ट करणाऱ्या भागामुळे) पृष्ठभागावर मेणचट साय येते. तिच्यावर पुढचा थर चढवला तर तो चिकटत नाही, आणि पहिल्या दगडाला तिथूनच सुटतो. कोमट पाणी आणि घासणीने साय काढा, कोरडे करा, मग सँडपेपर. आधी सँडपेपर मारला तर ती साय आत चोळली जाते. एलवाय ५५६ राळ व एचवाय ९५१ हार्डनर वापरत असाल तर प्रमाण वजनाने १००:१०, तेही काट्यावर. हार्डनर जास्त टाकून काम लवकर उरकत नाही, प्लेट मात्र कमजोर होते.

प्रश्न : मार बसूनही वरून काही दिसत नाही. प्लेट चांगली समजावी का?

उत्तर : नाही. आतले थर सुटूनही वरचा थर शाबूत दिसतो. नाण्याने बोटभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा तडकलेल्या मडक्यासारखा बद्द. बद्द भाग खडूने आखा. मार बसलेल्या जागेपेक्षा तो बराच मोठा निघेल.

दोन लेअपची तुलना करायची तर एएसटीएम डी ७१३६ चा (वजन पाडून आघात चाचणीचा) मापदंड घ्या. नमुना १५० × १०० मिमी, आधाराच्या चौकटीची खिडकी १२५ × ७५ मिमी, आघाताची ऊर्जा जाडीच्या दर मिमीला ६.७ ज्यूल. ४ मिमी जाडीला ५.५ किलो वजन सुमारे ५० सेंमीवरून सोडावे लागते. वजनाचे १६ मिमी व्यासाचे अर्धगोल टोक कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीही लेथवर करून देईल, फक्त ते कडक करून घ्या. वजन उसळले की दुसऱ्यांदा आदळायच्या आत अडवा, नाहीतर नमुन्याला दोन मार बसतील आणि मोजणी वाया जाईल.