एकाच जातीच्या जिवाणूमुळे एकाला साधा आणि दुसऱ्याला हट्टी आजार का होतो? जिवाणूच्या जनुकांतल्या फरकाचा यात खरंच हात असतो का?

असतो. टीबीत तर कधीकधी डीएनएतल्या एका अक्षराचा फरक पुरतो.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या चाळीत दोघांना टीबी झाला, एक सहा महिन्यांत बरा झाला, दुसऱ्याला एमडीआर, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, निघाला आणि आता सगळे म्हणतात, "त्याने गोळ्या नीट घेतल्या नसतील." ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. मी मुंबईत टीबीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन होते, आणि हेच वाक्य आमच्या घरातही बोललं गेलंय.

२०१३ सालची गोष्ट. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, लग्न होऊन लालबागला गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन सात किलो उतरलं. जवळच्या खासगी डॉक्टरांनी बेडका तपासायला पाठवला, टीबी निघाला, नेहमीच्या चार औषधांवर ठेवलं. पोरगी मुळातच नेमाची. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, कारण सासूबाई रोज विचारायच्या, "घेतलीस का?" दोन महिने झाले तरी ताप हटेना. मे महिन्यात तिला मी आमच्या लॅबकडे आणलं आणि एलपीए लावली.

एलपीए म्हणजे कागदाची अरुंद पट्टी, त्यावर सत्तावीस जागा. जंतूच्या डीएनएचा तुकडा जिथे जुळतो तिथे जांभळट रेघ उमटते. आरपीओबी नावाच्या जनुकाच्या जागेवर नेहमीच्या आठ रेघा हव्यात. तिच्या पट्टीवर सातच होत्या. आठवी कोरी, आणि खाली 'म्यूट ३'ची, म्हणजे ठरावीक बदल झाल्याची, रेघ ठसठशीत. ज्यांनी या पट्ट्या वाचल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. रिफॅम्पिसिन जंतूच्या ज्या यंत्राला जाऊन चिकटतं, त्यातलं एक अमिनो आम्ल बदललेलं, सेरीनच्या जागी ल्युसीन. जंतूच्या सुमारे ४४ लाख अक्षरांपैकी एका 'सी'चा 'टी' झाला, एवढंच. कॅटजी या दुसऱ्या जनुकाची रेघही बदललेली, म्हणजे आयसोनियाझिडही गेलं. मी ती पट्टी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला नाव झाकून वाचायला दिली. तिनेही तेच वाचलं.

घरी आले आणि पहिला प्रश्न मीच विचारला, "खरं सांग, किती दिवस चुकवलेस?" ती काही बोलली नाही. डबा आणून माझ्यासमोर उपडा केला. मी पाकिटं मोजली. एकही गोळी कमी नव्हती. त्या प्रश्नाची लाज मला आजही वाटते. पण सासरी कोणी डबा पाहिला नाही. "खिडकीतून टाकल्या असणार," म्हणून तिला माहेरी पाठवून दिलं, आणि दादाने मान खाली घालून ऐकून घेतलं. वर मला म्हणाला, "गोळ्या घेतल्या असत्या तर जंतू कशाला बदलला असता?"

इथेच सगळे चुकतात, शिकलेलेसुद्धा. गोळी जंतूला बदलत नाही. जंतू दुप्पट होताना नक्कल करतो आणि नकलेत चुका होतात, औषध असो वा नसो. रिफॅम्पिसिनला न जुमानणारी चूक साधारण दहा कोटी जंतूंत एकदा होते, आयसोनियाझिडला न जुमानणारी दहा लाखांत एकदा. फुफ्फुसात पोकळी पडलेली असेल तर आत कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकेका औषधाला दाद न देणारे थोडे आधीपासूनच हजर. म्हणून तर चार औषधं एकत्र देतात, एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याला सापडावा म्हणून. उपचार अर्धवट राहिले की तो सुटलेलाच उरतो आणि वाढतो. हे खरंच आहे. पण असा उरलेला जंतू एकदा लोकलच्या डब्यात, शिवणाच्या कारखान्यात, दहा बाय बाराच्या खोलीत खोकल्यावाटे दुसऱ्याच्या छातीत गेला की त्या दुसऱ्याने पहिली गोळी घेण्याआधीच त्याचा टीबी एमडीआर असतो. आज नव्याने एमडीआर होणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो असा आयता मिळालेला असतो.

"असा बदललेला जंतू दुबळा असतो, पसरत नाही" हेही ऐकाल. नव्वदच्या दशकात आम्हालाही असंच सांगायचे. काही बदल जंतूला महाग पडतात, पण भाचीच्या पट्टीवरचा हा सेरीन-ल्युसीनचा बदल सगळ्यांत स्वस्त पडणाऱ्यांपैकी आहे आणि म्हणूनच जगभर तोच जास्त दिसतो. शिवाय शेजारच्या आरपीओसी जनुकात दुसरा बदल होऊन उरलीसुरली तूटही भरून निघू शकते. टीबीचा जंतू हे सगळं स्वतःच्याच चुकांवर करतो. टायफॉइडचा मात्र उसनवारी करतो. २०१६ पासून सिंधमध्ये जो हट्टी टायफॉइड पसरला, त्याने प्लास्मिड नावाचं डीएनएचं आयतं कडंच बाहेरून मिळवलं होतं, बहुधा आतड्यातल्या ई-कोलाय जंतूकडून.

यजमानाशी, म्हणजे ज्याच्या शरीरात जंतू राहतो त्याच्याशी, जुळवून घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. लोकांना वाटतं जंतू नवं काहीतरी शिकतो आणि घातक होतो. पुष्कळदा तो टाकून देत जातो. कुष्ठरोगाचा जंतू पाहा. चालू जनुकं जेमतेम सोळाशे, आणि मोडून पडलेली अकराशेच्या आसपास. माणसाच्या पेशीत आयतं मिळतंय म्हटल्यावर त्याने घरचा संसार इतका मोडला की आज लॅबच्या बशीत तो वाढतच नाही. वडाळ्याला कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ १८९० पासून आहे, पण ज्या जंतूसाठी ते बांधलं तो अजून कोणाला बशीत वाढवता आलेला नाही. टायफॉइडच्या जंतूचीही दोनशेच्या आसपास जनुकं मोडलेली आहेत, आणि तो माणसाखेरीज दुसरीकडे नांदत नाही. याच्या उलटं उदाहरण तुमच्या दंडावर आहे. बीसीजी म्हणजे गुरांच्या टीबीचा जंतू, काल्मेट आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं पित्त घातलेल्या बटाट्यावर पुन्हापुन्हा वाढवलेला. त्यात त्याचा आरडी-१ नावाचा साडेनऊ हजार अक्षरांचा तुकडा गळाला, आणि पेशीला भोक पाडायचं हत्यार त्याबरोबर गेलं. म्हणून आज तो बाळाला टोचता येतो.

भाचीकडे परत येते. जूनमध्ये पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक पाकीट पडलेलं सापडलं. त्यांनी सुरुवातीलाच कल्चर, म्हणजे बेडक्यातला जंतू वाढवून त्यावर औषधं तपासायची चाचणी, लावलं होतं, दहा आठवड्यांनी रिपोर्ट आला आणि कोणी उघडलाच नाही. त्यावर रिफॅम्पिसिनपुढे 'आर' म्हणजे दाद देत नाही, आयसोनियाझिडपुढेही 'आर', आणि नमुना घेतल्याची तारीख ९ मार्च. तिने पहिली गोळी १२ मार्चला घेतली. मी दोन्ही तारखा लाल पेनने गोल करून कागद दादासमोर ठेवला. तो म्हणाला, "मशीनचं काय, काहीही दाखवतं." सासरच्यांनी कागद हातातही घेतला नाही. पुढे दोन वर्षं उपचार चालले, त्यातले आठ महिने रोज कानामायसिनची इंजेक्शनं. बरी झाली. कान मात्र गेले ते गेलेच. कुकरची शिट्टी ऐकू येते, मोबाईलची बारीक रिंग येत नाही.

आता ती इंजेक्शनं बहुतेकांना घ्यावी लागत नाहीत, बेडाक्विलिन या नव्या औषधावर आधारलेले गोळ्यांचे उपचार सहा महिन्यांत संपू शकतात. सीबीनॅट ही बेडक्यातल्या जंतूचं जनुक तपासणारी चाचणी दोन तासांत रिफॅम्पिसिनचा निकाल देते, म्हणून पहिल्या गोळीआधी ती तपासणी मागून घ्याच. सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर थांबू नका, स्लाइडवर जंतू दिसतो, त्याचं अक्षर दिसत नाही. आणि मी एवढं लिहिलं म्हणून गोळ्या चुकवल्या तरी चालतं असं कोणी समजू नये, चुकवल्यानेही एमडीआर होऊ शकतोच. तसंच सगळा फरक जंतूचाच असतो असंही नाही. मधुमेह, कुपोषण, अंधारी कोंदट खोली, ज्याच्या छातीत तो गेला त्याची प्रतिकारशक्ती, यावर वेगळं लिहावं लागेल आणि ते माझ्या टेबलावरचं काम नव्हतं.

तुमच्या चाळीतल्या त्या दुसऱ्या माणसाला एवढंच विचारा, पहिला बेडका कोणत्या तारखेला दिला आणि तो कल्चरला किंवा सीबीनॅटला गेला होता का. रिपोर्ट असेल तर नमुन्याची तारीख गोळीच्या आधीची आहे का ते पाहा, आणि असेल तर जे जे बोलले त्यांना तो कागद नेऊन दाखवा. मी माझा अजून जपून ठेवलाय, त्याच बिस्किटाच्या डब्यात.