एसटीएल फाइलवरून थेट सीएनसीचा टूलपाथ काढता येतो का?

हो, येतो. एसटीएल म्हणजे पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांनी साठवणारी फाइल, सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन आणि टूलपाथ म्हणजे त्याच्या टूलने फिरायचा मार्ग. तुमच्याकडे कोरीव लाकडी फलकाचं एसटीएल स्कॅन आहे, थ्री-ॲक्सिस राउटर (तीन दिशांनी सरकणारं कोरण्याचं मशीन) आहे, प्रोग्रॅम स्वतः लिहायचाय आणि फाइल आधी स्टेपमध्ये (खऱ्या वक्र पृष्ठभागांच्या कॅड फाइलमध्ये) बदलावी का, असा प्रश्न आहे. नका बदलू. बहुतेक वेळा प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट तुकडा होतो, फाइल फुगते आणि गोलाई काही परत येत नाही.

खरी मेख टूलच्या आकारात आहे. भोसरीत शिकत असताना मी पहिला प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा पृष्ठभागाची उंची काढली आणि टूलचं टोक तिथेच नेलं. ६ मिमी व्यासाचा बॉलनोज (अर्धगोल टोकाचं टूल), ४५ अंशांचा उतार. सपाट भाग अगदी बरोबर आला, पण उतारावर काटकोनात मोजलं तर ०.८८ मिमी माल जास्त गेलेला. उतारावर बॉलनोज टोकाने टेकत नाही, बगलेने टेकतो.

म्हणून ड्रॉप-कटर पद्धत वापरा. एक्स-वायवरचा एक बिंदू घ्या, टूलच्या पूर्ण रुंदीखाली येणारे सगळे त्रिकोण गोळा करा आणि वरून खाली येताना टूल प्रत्येकावर किती उंचीला अडेल ते काढा. ते त्रिकोणाच्या सपाटीवर अडेल, कडेवर अडेल किंवा कोपऱ्यावर. सपाटीचं गणित सोपं आहे: स्पर्शबिंदूपासून नॉर्मलच्या (त्रिकोणाला काटकोनात असलेल्या रेषेच्या) दिशेने त्रिज्येइतकं गेलं की बॉलचं केंद्र मिळतं. तो स्पर्शबिंदू त्रिकोणाबाहेर पडला तर तो सोडून द्या. आलेल्या सगळ्या उंचींपैकी सर्वांत मोठी, तीच टूलची उंची. कडा तपासायचा कंटाळा करू नका, नाहीतर नक्षीच्या वर आलेल्या धारा छाटल्या जातात. आणि फाइलमधल्या नॉर्मलवर विसंबू नका, तीन बिंदूंवरून स्वतः काढा.

स्कॅनमध्ये त्रिकोण लाखांनी असतात. फलकावर चौकटींची जाळी टाकून कुठल्या चौकटीत कुठले त्रिकोण येतात हे आधीच नोंदवून ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम रात्रभर चालेल. हे सगळं तयार हवं असेल तर ओपनकॅमलिब ही मुक्त लायब्ररी आहे. उभ्या भिंतींसाठी लागणारी वॉटरलाइन पद्धतही (टूल एकेका ठरावीक उंचीवर कडेकडेने फिरवण्याची) तिच्यात आहे.

स्टेपओव्हर, म्हणजे टूलच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर, ०.६ मिमी ठेवला तर ६ मिमी बॉलनोजने सपाटीवर फेऱ्यांच्या मधे उरणारा उंचवटा सुमारे ०.०१५ मिमी, लाकडाला पुरे. एका सरळ रेषेत येणारे मधले बिंदू गाळून टाका, नाहीतर कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) अडखळतो आणि लाकडावर डाग पडतात. एसटीएलमध्ये एकक नसतं, तेव्हा मिमी की इंच हे आधी बघा.

फलकाला हात लावण्याआधी ४५ अंशांच्या एका पाचरीची एसटीएल बनवून त्यावर प्रोग्रॅम चालवा. उतारावर ६ मिमी बॉलनोजचं टोक, उभं मोजलं तर, पृष्ठभागाच्या १.२४ मिमी वर आलं पाहिजे. ते आलं नाही तर मशीन सुरू करू नका.