अर्ज भरायचा की नाही, ते आजींना ठरवू द्या

लीड्सहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना ती आजी म्हणते. आजी तरुणपणी ब्रिटिश लष्करात परिचारिका होत्या. १९७९मध्ये त्यांच्या कपाटात एका मैत्रिणीची प्रेमपत्रं सापडली आणि त्यांना काढून टाकण्यात आलं, कारण तेव्हा समलिंगी माणसांना लष्करात बंदी होती. मागच्या महिन्यात त्यांनी हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. सरकार आता भरपाई देतंय म्हटल्यावर मात्र “मला त्यांचे पैसे नकोत” एवढंच बोलून त्या उठल्या. मैत्रीण विचारते, “ताई, त्यांच्या भाच्याला विश्वासात घेऊन मीच अर्ज भरून टाकू का?”

नको, बाई.

तुमचा हेतू चांगला आहे, पण लष्करी पोलिसांनी तरी त्या काळी दुसरं काय केलं? कपाटं उघडली, पत्रं वाचली, खोदून खोदून चौकशा केल्या आणि माणसाचं गुपित त्याला न विचारता चव्हाट्यावर आणलं. भाच्याला यातलं काही माहीत आहे का, हे तरी तुम्हाला माहीत आहे का?

“पैसे नकोत” म्हणजे काहीच नको, असं मात्र धरून चालू नका. ही बंदी उठली थेट जानेवारी २०००मध्ये, तीही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९९मध्ये सरकारचे कान उपटल्यावर. जुलै २०२३मध्ये या अन्यायाची चौकशी करणारे माजी न्यायाधीश लॉर्ड एदर्टन यांचा अहवाल आला, त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. काढून टाकलेल्यांना ५० हजार पौंड मिळतात. छळ, चौकशी, तुरुंगवास सोसलेल्यांना आणखी २० हजारांपर्यंत. गेलेली नोकरी आणि पेन्शन पाहता मला ही रक्कम तुटपुंजीच वाटते. पण पैशांखेरीजही काही मागता येतं: माफीचं पत्र, काढून घेतलेली पदकं, माजी सैनिकाचा बिल्ला. पैशाला तोंड फिरवणारं माणूस कधी कधी त्या पत्रासाठी मात्र थांबलेलं असतं.

म्हणून हक्काचं भाषण नको. त्यांच्या वॉर्डाबद्दल विचारा, पहिल्या रात्रपाळीबद्दल विचारा. इतकी वर्षं त्या आयुष्यातल्या चांगल्या आठवणीही त्या वाईट दिवसाखाली दबून राहिल्या असतील. मग एखाद्या दिवशी सहज सांगा, की अर्जाची मुदत डिसेंबर २०२६पर्यंत आहे, आणि ‘फायटिंग विथ प्राइड’ ही संस्था अशाच माजी सैनिकांना मदत करते. फोन त्यांनीच करायचा. त्या म्हणाल्याच, तर तुम्ही शेजारी बसा.

तरीही नाही म्हणाल्या, तर विषय तिथेच सोडा. तुमची तळमळ वाया जाणार नाही; ही योजना अजून किती जणांच्या कानावरही गेली नसेल! आजींचं नाव न घेता आपल्या खासदाराला तसं लिहा.

आणि हो, त्या पत्रांचं आणि त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, हे विचारू नका. सांगावंसं वाटलं तर त्याच सांगतील.

— तुमची ताई