आजीच्या अंत्यविधीत तिच्याबद्दल बोलायचंय ना? मग हे ऐक

अगं, 'प्रेमळ, सेवाभावी, श्रद्धाळू' हे तीन शब्द आधी खोडून टाक. आपल्या वसईत ते प्रत्येक अंत्यविधीला ऐकू येतात. (मीही कितीतरी वर्षं तेच लिहीत होतो.)

आजी नर्सिंग ट्यूटर होत्या, तर त्यांचे हात आठव. पाऱ्याचा थर्मामीटर झटकून ३५ अंशांखाली कसा उतरवायचा, हे त्या मुलींकडून घोटून घ्यायच्या. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा. सुरकुती राहिली की सगळी चादर पुन्हा. कारण पडून असलेल्या पेशंटची पाठ त्या सुरकुतीनेही सोलवटते. घरी तुलाही कामाला लावलं असेलच! त्यांच्या दोन-तीन विद्यार्थिनींना फोन कर, असलं काही घरच्यांना ठाऊक नसतं.

भक्तीचंही तसंच. 'रोज रोझरी' (जपमाळेची प्रार्थना) एवढ्यावर भागवू नकोस. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात ती कधी म्हणायच्या, ते शोध.

फादरांशी आधी बोल. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन त्यांचं. आपले दोन शब्द कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) दिल्यानंतरची प्रार्थना झाल्यावर, अंतिम निरोपाआधी. चार मिनिटं पुरेत. आणि कागदावर अक्षर मोठं काढ, डोळे भरले की बारीक दिसत नाही.