आवाज एक सांगतो, चित्र दुसरंच

प्रश्न : सातवीच्या मुलांनी प्रकल्पाचा व्हिडिओ केला. दिसायला देखणा झाला, पण नंतर विचारलं तर विषय कुणालाच धड सांगता येईना. कुठे चुकलं? (विज्ञान शिक्षिका)

बहुधा क्रमात चुकलं. आधी माहिती गोळा, मग तक्ता, मग वही, आणि शेवटच्या आठवड्यात ‘आता याचा व्हिडिओ करा’, असंच बहुतेक ठिकाणी होतं. तोवर विचार करून झालेला असतो, किंवा राहूनच गेलेला असतो. मुलं मग पाठ केलेला मजकूर कॅमेऱ्यासमोर म्हणतात, आणि आपण त्याला प्रकल्प म्हणतो.

माझ्यासमोर घडलेलं एक सांगते. बाष्पीभवनावर काम करणारा चौघांचा गट होता. निवेदन असं होतं : ‘सूर्याच्या उष्णतेमुळे पाण्याची वाफ होते.’ त्यावर जोडायला त्यांनी ओल्या फरशीचं शूटिंग केलं होतं. दर पाच मिनिटांनी एक क्लिप, फोन त्याच जागी ठेवून. क्लिपा ओळीने लावून बघताना एक मुलगी म्हणाली, ‘थांबव. ही फरशी तर सावलीत आहे!’ बाकीचे गप्पच झाले. आवाज एक सांगत होता, चित्र दुसरंच. वाक्य पुस्तकातलं होतं, फरशी त्यांच्या डोळ्यांदेखत वाळलेली. पुढचे दोन तास त्यांनी एडिटिंग केलंच नाही. पंखा लावून आणि बंद करून, पाणी पसरून आणि वाटीत ठेवून, पुन्हा शूटिंग केलं. ऊन नसतानाही पाणी आजूबाजूची उष्णता घेऊन वाळतं, वारा लागला आणि पृष्ठभाग मोठा असला की लवकर वाळतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मला व्हिडिओ हवा असतो तो यासाठी. वहीत ‘पाण्याची वाफ होते’ असं लिहून सुटता येतं. व्हिडिओत त्या वाक्यावर काहीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवायला गेलं की न समजलेली जागा उघडी पडते. म्हणून कॅमेरा पहिल्या आठवड्यातच बाहेर काढा. आणि विषय देऊ नका, प्रश्न द्या. ‘पाणी’ हा विषय झाला; ‘सावलीतली फरशी कशी वाळते?’ हा प्रश्न. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवरच्या 1918 मधल्या गाजलेल्या लेखात मनापासून, हेतू ठेवून केलेल्या कामावर भर दिला होता. ज्या प्रश्नाचं उत्तर मुलांना खरंच माहीत नाही, त्यातूनच तो हेतू येतो.

प्रश्न : गटात एकच मुलगा एडिटिंग करतो, बाकीचे नुसते बघत बसतात. काय करावं? (शिक्षक, आठवी)

दोन गोष्टी करा. पहिली, कागदावरचं एडिटिंग. प्रत्येक क्लिपसाठी एक चिठ्ठी : काय दिसतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून गटाने क्रम ठरवायचा. संगणकाभोवती एकाच्याच हातात माउस असतो. जमिनीवरच्या चिठ्ठ्या कुणीही उचलू शकतं. खरे वाद इथेच होतात, ते होऊ द्या.

दुसरी, फुटेज, म्हणजे शूट केलेलं सगळं चित्रण, सगळ्यांना सारखंच द्या आणि प्रत्येकाला त्यातून आपला एक मिनिटाचा तुकडा तयार करायला लावा. मग सगळे तुकडे एकापाठोपाठ बघा. 1920 च्या आसपास रशियात चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या एका प्रयोगाची हकिगत सांगतात : एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सुपाच्या वाडग्याला आणि एकदा शवपेटीला जोडून दाखवला, तर पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. मुलांना हे स्वतःच्या फुटेजमध्ये दिसलं की पुढचा प्रश्न ती आपणहून विचारतात : मुलाखत दिलेल्या माणसाचं वाक्य मध्येच कापलं, तर तो जे म्हणाला तेच राहतं का? या प्रश्नासाठी अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

प्रश्न : मुलं बोलतात ते ऐकूच येत नाही. चांगला कॅमेरा घ्यावा का?

नको. आवाजाचं गणित अंतराचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथा हिस्सा उरते. वर्गात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो, म्हणून शब्द घुमतात. दुसरा एखादा फोन रेकॉर्डिंग लावून बोलणाऱ्याच्या जवळ, चित्राबाहेर ठेवा. दोन्ही सुरू झाले की एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना टाळीवर टाळी जुळवली की आवाज आणि ओठ जुळतात. पंखा बंद, खिडकी बंद. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज फाटला की बंद करतात.

प्रश्न : व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

तीन. त्याहून मोठा करायचा हट्ट मुलांचा असतो, आणि बरेचदा आपलाही. सुरुवात तर एका मिनिटापासून करा. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या, फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या 1895 मधल्या चित्रफिती साधारण 50 सेकंदांच्या होत्या : एकच शॉट, कॅमेरा जागेवर, कापाकापी नाही. मुलांनाही तेवढंच करू द्या. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि केव्हा सुरू करायचा, एवढेच निर्णय हातात उरले की ती बघायला लागतात.

प्रश्न : गुण कशावर द्यायचे? झगमगीत व्हिडिओ साहजिकच वर जातो. (मुख्याध्यापिका)

मॅडम, तयार व्हिडिओवर निम्म्याहून कमी गुण ठेवा. बाकीचे वाटेवर द्या : पहिला प्रश्न आणि तो नंतर कसा बदलला, टिपणं, स्टोरीबोर्ड (शॉटची आधी काढलेली कच्ची चित्रं), पहिला कट (क्लिपा जोडून केलेला पहिला खर्डा) आणि दुसरा कट यांतला फरक. मी प्रत्येकाला एकट्याने एकच विचारते, ‘कोणता शॉट काढून टाकला आणि का?’ ज्याने काम केलंय त्याला सांगायला वेळ पुरत नाही.

वर्गाने पहिला कट एकत्र बघावा, पण तो दुरुस्तीला वेळ हाताशी असताना. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सूचना देणं म्हणजे मुलांना नुसतं दुखावणं.

प्रश्न : काही पालकांना मुलांचे चेहरे दिसायला नको आहेत. आणि गाणी वापरली तर चालतात का?

पालकांचं म्हणणं पाळा, कारण विचारू नका. संमती शूटिंगच्या आधी घ्या, आणि व्हिडिओ वर्गापुरता राहणार की बाहेर जाणार हे त्यात स्पष्ट लिहा. दोन्हींची संमती वेगवेगळी. हात, पाठमोरी आकृती, वस्तू, मुलांनी काढलेली चित्रं आणि मागे आवाज, एवढ्यावर उत्तम व्हिडिओ होतो. ज्याचा चेहरा दाखवायचा नाही त्याला नुसतं ट्रायपॉड धरायला लावू नका. निवेदन त्याला द्या, अर्थात आवाजालाही घरच्यांची हरकत नसेल तर.

लोकप्रिय गाणी टाळा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायला दिलेलं, संगीत मिळतं, पण परवाना वाचून घ्या : बहुतेक परवान्यांत निर्मात्याचं नाव देणं बंधनकारक असतं, आणि बदल करायला मनाई असलेलं संगीत व्हिडिओला जोडताच येत नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे आवाज मुलांनीच गोळा करावेत. त्या बाष्पीभवनाच्या गटाने शेवटी संगीत घेतलंच नाही. पंख्याची घरघर ठेवली, आणि पंखा बंद होतो तिथे ती थांबते.